पुरुषांची ६० मीटर इनडोअर हर्डल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च महिना, जागतिक इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा, टीव्हीसमोर घरातली चार माणसं. बंदूक वाजते, आठ जण सुटतात आणि कुणी चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत शर्यत संपलेली असते. मग प्रश्न सुरू होतात. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. ती पुरुषांच्या शर्यतीबद्दलची आहेत. स्त्रियांच्या शर्यतीवरचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

ही शर्यत नेमकी असते तरी काय?

सरळ रेषेत ६० मीटर धावायचं आणि वाटेत पाच हर्डल्स ओलांडायची. प्रत्येक हर्डल १.०६७ मीटर उंच, म्हणजे बहुतेकांच्या कमरेच्याही वर. सुरुवातीच्या रेषेपासून पहिलं हर्डल १३.७२ मीटरवर. तिथून पुढची चार ९.१४ मीटरच्या अंतराने. शेवटच्या हर्डलनंतर अंतिम रेषा ९.७२ मीटरवर. बेरीज करून पाहा, बरोबर ६० भरते. जागतिक स्पर्धेत पदक हवं असेल तर हे सगळं साधारण साडेसात सेकंदांत उरकावं लागतं.

मापं अशी चमत्कारिक का? १३.७२ कुठून आलं?

इंग्लंडमधून. १३.७२ मीटर म्हणजे १५ यार्ड, ९.१४ म्हणजे १० यार्ड आणि १.०६७ मीटर उंची म्हणजे साडेतीन फूट. जगाने मीटर स्वीकारले, पण हर्डल्स जिथं उभी होती तिथंच राहिली.

म्हणजे ही ११० मीटर हर्डल्सचीच छोटी आवृत्ती, नाही का?

कागदावर तसंच दिसतं. हर्डलची उंची तीच, पहिल्या हर्डलपर्यंतचं अंतर तेच, दोन हर्डल्समधली तीन पावलंही तीच. फक्त दहाऐवजी पाच हर्डल्स. पण खेळ मात्र वेगळा होतो, आणि या पानावर एकच गोष्ट वाचायची असेल तर हे उत्तर वाचा.

थोडा ढोबळ हिशेब मांडू. अव्वल धावपटू पहिलं हर्डल ओलांडून पलीकडे पाय टेकतो तेव्हा जेमतेम अडीच सेकंद झालेले असतात. त्यानंतर एका हर्डलपासून दुसऱ्यापर्यंतचा टप्पा सुमारे एका सेकंदाचा, असे चार टप्पे. मग शेवटची धाव, तीही सेकंदाच्या आतबाहेर. म्हणजे शर्यतीचा एक तृतीयांश वेळ पहिल्या हर्डलपाशीच संपतो. ११० मीटरमध्ये हाच वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी असतो.

त्यामुळे ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांमधून) उशिरा सुटलेला किंवा पहिल्या हर्डलवर अडखळलेला माणूस इथं परत येत नाही. बाहेरच्या शर्यतीत सहाव्या-सातव्या हर्डलनंतर पुढच्यांचे पाय जड होऊ लागतात आणि मागून येणाऱ्याला संधी मिळते. इथं पाय जड व्हायच्या आतच अंतिम रेषा येते. दमसास तपासलाच जात नाही.

टोकियो ऑलिम्पिकची ११० मीटरची फायनल आठवते का? ५ ऑगस्ट २०२१. अमेरिकेचा ग्रँट हॉलोवे नेहमीसारखा गोळीसारखा सुटला आणि बहुतेक शर्यतभर पुढे होता. शेवटच्या टप्प्यात जमैकाचा हॅन्सल पार्चमेंट आला आणि १३.०४ विरुद्ध १३.०९ असं सोनं घेऊन गेला. पार्चमेंट उंच, हळूहळू वेग धरणारा. तीच शर्यत पाचव्या हर्डलनंतर थांबवली असती तर हॉलोवे आरामात जिंकला होता. ६० मीटरची शर्यत म्हणजे पाचव्या हर्डलनंतर थांबवलेली ती शर्यतच. हॉलोवे इनडोअरचा राजा का झाला आणि पार्चमेंट तिथं फारसा का दिसत नाही, याचं उत्तर यातच आहे.

‘सात पावलांचा’ आणि ‘आठ पावलांचा’ धावपटू असं समालोचक म्हणतात. ते काय?

ब्लॉकपासून पहिल्या हर्डलआधीच्या उडीपर्यंत किती पावलं टाकली, त्याचा हिशेब. कित्येक दशकं जवळजवळ सगळेच आठ पावलं टाकायचे. क्यूबाचा डेरॉन रोब्लेस सात पावलांत जायचा. त्याने २००८ मध्ये ११० मीटरचा विश्वविक्रम आणि ऑलिम्पिक सुवर्ण दोन्ही मिळवल्यावर बाकीच्यांचे डोळे उघडले.

एक पाऊल कमी करणं ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात पायांची अदलाबदल होते. आठ पावलांच्या धावपटूचा जो पाय ब्लॉकमध्ये पुढे असतो, त्याच पायाने तो हर्डलआधी जमीन सोडतो. सात पावलं करायची तर ब्लॉकमधले पाय उलटे ठेवावे लागतात. वर्षानुवर्षं डावा पाय पुढे ठेवून सुटणाऱ्याला एका हिवाळ्यात उजव्याची सवय लावायची. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हातात पेन द्यावं, तसं. शिवाय तेवढ्याच अंतरात एक पाऊल कमी म्हणजे प्रत्येक पाऊल लांब, आणि त्यासाठी ताकद लागते.

अमेरिकेच्या एरीस मेरिटने २०१२ च्या हंगामाआधी हा बदल केला. मार्च २०१२ मध्ये इस्तंबूलला ७.४४ सेकंदांत जागतिक इनडोअर विजेता, ऑगस्टमध्ये लंडनला ऑलिम्पिक विजेता, आणि ७ सप्टेंबरला ब्रसेल्समध्ये ११० मीटरचा १२.८० सेकंदांचा विश्वविक्रम. चीनचा लिऊ शियांगही तेव्हा सात पावलांवर आला होता. इस्तंबूलला तो ७.४९ सेकंदांत दुसरा आला.

ते हर्डलवरून उडी मारतात की पळतच जातात?

पळतच जातात. निदान चांगला धावपटू तसाच जातो. हवेत जितका वेळ जास्त, तितका वेग कमी, कारण वेग मिळतो तो जमिनीला ढकलून. म्हणून धावपटू हर्डलच्या सुमारे दोन मीटर आधीच जमीन सोडतो, अंग पुढे झुकवतो आणि पुढचा पाय शक्य तितक्या लवकर पलीकडे खाली आणतो. उतरतो तो हर्डलच्या साधारण सव्वा-दीड मीटर पुढे.

आता गंमत बघा. ९.१४ मीटरच्या टप्प्यातून हे हवेतलं अंतर वजा केलं की उरतात साडेपाच-पावणेसहा मीटर, आणि त्यात तीन पावलं बसवायची. म्हणजे दोन मीटरहूनही छोटी पावलं. सपाट, म्हणजे हर्डल्स नसलेल्या, शर्यतीत हेच धावपटू याहून कितीतरी लांब ढांगा टाकतात. त्यामुळे वेग जसजसा वाढतो तसतशी जागा अपुरी पडते आणि पाय आखूड, पण झपाझप टाकावे लागतात. फार उंच माणसाला इथं कोंडल्यासारखं होतं. लोकांना वाटतं उंची ही फायद्याचीच गोष्ट. ओलांडताना असते, मधल्या तीन पावलांत नसते.

हर्डल पाडलं तर बाद होतात का?

नाही. पाचही पाडली तरी नाही. हर्डल पडायलाच बनवलेलं असतं. त्याची वजनं अशी लावतात की वरच्या पट्टीच्या मधोमध साधारण ३.६ ते ४ किलो वजनाइतका जोर लागला की ते पुढे कलंडावं. शिक्षा वेगळी द्यावी लागत नाही, धडकेने वेग जातो तीच शिक्षा. पण पट्टीला नुसता निसटता स्पर्श अनेक विजेत्यांचाही होतो. मांडीवर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला कायमचे वळ घेऊन फिरणारी ही माणसं.

बाद व्हायची कारणं वेगळी. हाताने किंवा अंगाने मुद्दाम हर्डल पाडणं. पाय हर्डलच्या वरून न नेता बाजूने, पट्टीच्या पातळीखालून नेणं. स्वतःची लेन सोडणं. आणि शेजाऱ्याला अडथळा करणं.

शेवटच्या कारणाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इनडोअरचं नाही, पण सांगायलाच हवं. २०११ ची जागतिक स्पर्धा, दक्षिण कोरियातलं देगू, ११० मीटरची फायनल. रोब्लेस पहिला आला. पण शेवटच्या हर्डल्सपाशी त्याचा हात शेजारच्या लेनमधल्या लिऊ शियांगला लागला होता. तक्रार झाली, चित्रफीत पाहिली गेली, रोब्लेस बाद. सोनं अमेरिकेच्या जेसन रिचर्डसनला, लिऊला रौप्य. आठ माणसं अंगाला अंग लागेल अशी धावत असतात आणि तोल सांभाळायला प्रत्येकाचे हात बाहेर फेकले जातात, त्यामुळे कोपराला कोपर लागणं रोजचंच. कुठं थांबायचं हे पंच ठरवतात, आणि त्यावर वाद होतच राहणार.

फॉल्स स्टार्टचा नियम काय आहे?

बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल केली तर तुम्ही आवाज ऐकून नाही, अंदाजाने सुटलात असं धरतात. ब्लॉकला जोडलेलं यंत्र हे मोजतं. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाद करतात. त्याआधीची काही वर्षं पहिली चूक कुणाचीही असो, ताकीद सगळ्यांना मिळायची आणि दुसऱ्यांदा चुकणारा घरी जायचा.

त्या जुन्या नियमाच्या काळातली एक गोष्ट. २००८, व्हॅलेन्सिया, जागतिक इनडोअर स्पर्धा. रोब्लेस तेव्हा सगळ्यात जोरात होता. काही आठवड्यांपूर्वीच त्याने ड्युसेलडॉर्फला ७.३३ सेकंद नोंदवले होते. पहिल्याच फेरीत त्याला वाटलं की कुणीतरी आधी सुटलं, आता परत बोलावणार. तो थांबला. परत कुणी बोलावलं नाही. बाकीचे धावत गेले आणि संभाव्य विजेता स्पर्धेबाहेर. सोनं लिऊ शियांगने ७.४६ सेकंदांत घेतलं.

त्याच वर्षीच्या ऑलिम्पिकमध्ये फासे उलटे पडले. बीजिंगमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, दुखऱ्या पायामुळे लिऊला पहिल्या फेरीतूनच माघार घ्यावी लागली आणि रोब्लेस जिंकला. इनडोअरचं देणंही त्याने २०१० मध्ये दोह्यात चुकवलं: ७.३४, तेव्हाचा स्पर्धाविक्रम.

शर्यत संपल्यावर ते भिंतीवर आदळत नाहीत का?

आदळतात. म्हणूनच तिथं जाड गाद्या लावलेल्या असतात. इनडोअर ट्रॅक २०० मीटरचा लंबगोल असतो आणि ६० मीटरची सरळ पट्टी बहुधा त्याच्या मध्यातून जाते. पुढे थांबायला जागा बेताचीच.

इनडोअरमध्ये वाऱ्याचा आकडा का दाखवत नाहीत?

वाराच नसतो. बाहेर सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा पाठीशी असेल तर विक्रम धरत नाहीत. छपराखाली ही कटकट मिटते. ठिकाणाची उंची मात्र मोजली जात नाही. समुद्रसपाटीपासून उंचावरची विरळ हवा वेगवान धावण्याला थोडी मदत करते, आणि सध्याचा विक्रम जिथं झाला ते अल्बुकर्की सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. मी त्या विक्रमाला कमी लेखत नाही. पण दोन आकडे शेजारी ठेवताना हे लक्षात असावं.

विश्वविक्रम कुणाच्या नावावर आहे?

ग्रँट हॉलोवे, ७.२७ सेकंद, १६ फेब्रुवारी २०२४, अल्बुकर्की. त्याआधीचा ७.२९ चा विक्रमही त्याचाच, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी माद्रिदमधला.

पण या विक्रमाची खरी कथा त्याआधीच्या माणसाची. वेल्सच्या कॉलिन जॅक्सनने ६ मार्च १९९४ रोजी जर्मनीतल्या सिंडेलफिंगेनला ७.३० नोंदवले, आणि तो आकडा जवळपास २७ वर्षं टिकला. अमेरिकेचा अ‍ॅलन जॉन्सन, लिऊ, रोब्लेस, मेरिट अशी एकाहून एक माणसं त्या भिंतीला टेकून गेली, ओलांडता कुणालाच आली नाही. विक्रम झाला तेव्हा हॉलोवेचा जन्मसुद्धा झाला नव्हता. तो नोव्हेंबर १९९७ चा.

जॅक्सनचं शरीर जणू या शर्यतीसाठीच घडवलेलं. सुटायचा विजेसारखा, आणि अंतिम रेषेवर छाती अशी झोकून द्यायचा की शेजारी बरोबरीत असूनही हरायचा. त्याच १९९४ मध्ये पॅरिसच्या युरोपीय इनडोअर स्पर्धेत त्याने ६० मीटर सपाट आणि ६० मीटर हर्डल्स ही दोन्ही सुवर्णं घेतली. तरी जागतिक इनडोअर विजेतेपदासाठी त्याला थांबावं लागलं. १९८९, १९९३ आणि १९९७ अशी तीन रौप्यं. १९९७ ला पॅरिसमध्ये क्यूबाच्या अनिएर गार्सियाकडून तो ७.४८ विरुद्ध ७.४९ असा हरला. शेवटी १९९९ मध्ये जपानच्या माएबाशीला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ७.३८ सेकंदांत सोनं मिळालं. ऑलिम्पिकचं सोनं त्याला कधीच मिळालं नाही.

नुसतं ६० मीटर पळण्यापेक्षा हर्डल्समुळे किती उशीर होतो?

हॉलोवेचंच उदाहरण घ्या. सपाट ६० मीटरमध्ये त्याने २०१९ मध्ये ६.५० सेकंद नोंदवलेत, हर्डल्समध्ये ७.२७. फरक ०.७७. पाच हर्डल्सने भागलं तर एका हर्डलमागे सुमारे ०.१५ सेकंद. कंबरेच्या वरचा अडथळा ओलांडायचा हा खर्च. पापणी लवायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

ही स्पर्धा कधीपासून आहे? गेल्या काही वर्षांचे विजेते कोण?

१९८५ मध्ये पॅरिसला ‘जागतिक इनडोअर खेळ’ या नावाने चाचणी झाली आणि १९८७ मध्ये इंडियानापोलिसला पहिली रीतसर जागतिक इनडोअर स्पर्धा. तिथं अमेरिकेचा टोनी कॅम्पबेल ७.५१ सेकंदांत जिंकला. म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या वेळेत आज सोनं मिळणं कठीण.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं अमेरिकेच्या अ‍ॅलन जॉन्सनची: २००३ बर्मिंगहॅम आणि २००४ बुडापेस्ट. पुढे अमेरिकेचाच टेरेन्स ट्रॅमेल, मग लिऊ, रोब्लेस, मेरिट. २०१४ ला पोलंडमधल्या सोपोटला अमेरिकेचा ओमो ओसागे, २०१६ ला पोर्टलंडमध्ये जमैकाचा ओमर मॅक्लाउड ७.४१ सेकंदांत, २०१८ ला बर्मिंगहॅममध्ये घरचाच अँड्र्यू पोझी ७.४६ सेकंदांत, दुसऱ्यापेक्षा एक शतांश पुढे. पोझीच्या त्या रात्री प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतलं होतं. इनडोअरमध्ये माणसं ट्रॅकच्या इतकी जवळ बसलेली असतात की आवाज भिंतींना आपटून परत येतो. बाहेरच्या मोठ्या स्टेडियममध्ये ती मजा नाही.

त्यानंतर २०२५ पर्यंत तिन्ही वेळा हॉलोवे: २०२२ बेलग्रेड ७.३९, २०२४ ग्लासगो ७.२९, २०२५ नानजिंग ७.४२. बेलग्रेडला उपांत्य फेरीतच त्याने ७.२९ ही स्वतःच्या तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली होती. नानजिंगची स्पर्धा मुळात २०२० ची, कोविडमुळे पुढे ढकलली जाऊन पाच वर्षांनी भरली. तिथं फ्रान्सचा विल्हेम बेलोसियां ७.५४ आणि चीनचा लिऊ जुनशी ७.५५ असे त्याच्या मागे होते.

फ्रान्सकडे लक्ष ठेवा. इस्तंबूल २०१२ पासून नानजिंग २०२५ पर्यंत प्रत्येक जागतिक इनडोअर स्पर्धेत या शर्यतीचं एक तरी पदक फ्रेंच धावपटूने नेलं आहे. पास्काल मार्टिनो-लगार्दने तर २०१२ ते २०२२ मध्ये चार पदकं मिळवली, पण त्यात सोनं नाही.

हॉलोवे इतका अजिंक्य का?

सुरुवात, हे पहिलं आणि मुख्य कारण. तो मुळातच वेगवान आहे, सपाट शर्यतीतही ६.५० पळतो, आणि लांब उडीत आठ मीटरच्या पुढे गेलेला आहे. म्हणजे जमिनीवरून झटक्यात उसळायची ताकद उपजत. पहिल्या हर्डलपाशी तो जवळजवळ नेहमीच सगळ्यांच्या पुढे असतो आणि मागच्यांना मग घाई होते. घाईत हर्डल लागतं.

६० मीटर हर्डल्समध्ये तो मार्च २०१४ पासून नानजिंगच्या स्पर्धेपर्यंत हरलाच नाही. ती मालिका सुरू झाली तेव्हा तो सोळा वर्षांचा शाळकरी पोरगा होता. बाहेर मात्र तो माणसासारखा हरतो. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत तो ११० मीटरच्या फायनललाही पोचला नाही. तिथं कॉर्डेल टिंच जिंकला.

इतक्या कमी फरकात विजेता कसा ठरतो?

अंतिम रेषेवरचा कॅमेरा सेकंदाला हजारो वेळा फक्त त्या रेषेचं चित्र टिपतो. धड रेषेवर कधी आलं ते पाहतात. डोकं, हात, पाय धरत नाहीत. वेळ शतांशात जाहीर होते, बरोबरी झाली तर सहस्रांश पाहतात. सोपोट २०१४ चा निकाल बघा: ७.४५, ७.४६, ७.४७. सोनं, रौप्य, कांस्य. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला हे तिघं एकच माणूस वाटले असतील.

किती फेऱ्या होतात?

सहसा तीन: प्राथमिक, उपांत्य, अंतिम. प्रत्येक फेरीतून ठरावीक क्रमांकाचे आणि उरलेल्यांतले वेगवान पुढे जातात. दीड दिवसात, कधी एकाच दिवसात, तीन वेळा तोच जीवघेणा वेग काढायचा. शहाणे धावपटू पहिल्या फेरीत पाचव्या हर्डलनंतर डावी-उजवीकडे बघत सावकाश होतात. फार शहाणपणा मात्र महागात पडू शकतो, शतांशांचा मामला आहे.

ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत का नाही?

ऑलिम्पिकचं अ‍ॅथलेटिक्स उन्हाळ्यात, उघड्यावर होतं. तिथं ११० मीटर आहे.

पण इनडोअरचा विजेता ऑलिम्पिकला काही करतो का?

२०१२ ला मेरिट, २०१६ ला मॅक्लाउड, २०२४ ला हॉलोवे. तिघेही मार्चमध्ये जागतिक इनडोअर जिंकले आणि त्याच उन्हाळ्यात ऑलिम्पिकही. २०२० ला इनडोअर स्पर्धा झालीच नाही. मी वर म्हटलं की हे दोन वेगळे खेळ आहेत, आणि हा आकडा माझ्या तोंडावर आपटतो, हे कबूल. फार वेगाने सुटता येत असेल तर बाहेरही बहुतेक वेळा पुरतं, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो. आधीची उदाहरणं उलटही आहेत. २००४ मध्ये अ‍ॅलन जॉन्सन इनडोअर विजेता होता, अथेन्सला ऑलिम्पिकमध्ये तो दुसऱ्या फेरीत हर्डलला अडखळून पडला. सोनं लिऊ शियांगला मिळालं, १२.९१ सेकंदांत, जॅक्सनच्या ११० मीटरच्या विश्वविक्रमाशी बरोबरी करून.

भारतातून, महाराष्ट्रातून कुणी आहे का?

आहे, आणि हा प्रश्न अलीकडे अभिमानाने विचारला जातो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तेजस शिरसे. मे २०२४ मध्ये फिनलंडच्या युवास्कुलाला त्याने ११० मीटर हर्डल्स १३.४१ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा १३.४८ चा विक्रमही मराठी मुलखातलाच, मुंबईच्या सिद्धांत थिंगळायाचा, २०१७ चा. तेजस भुवनेश्वरला जेम्स हिलियर या प्रशिक्षकांकडे सराव करतो. जानेवारी २०२५ अखेरीस फ्रान्समधल्या मिरामासला त्याने ६० मीटर हर्डल्स ७.६५ सेकंदांत धावून तिथंही राष्ट्रीय विक्रम केला.

७.६५ आणि पदकाची ७.५५ यांत दिसायला एक दशांश आहे. या शर्यतीत एक दशांश म्हणजे पाऊण-एक मीटर, आणि तो कमी करायला वर्षं जातात. पण एक अडचण धावपटूच्या पायांबाहेरची होती. बंदिस्त ट्रॅकवर शर्यतच खेळायला मिळत नसेल, तर पहिल्या हर्डलची घाई अंगात मुरणार कुठून? आपल्याकडचे धावपटू जानेवारी-फेब्रुवारीत युरोप गाठतात ते याचसाठी. आता भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमच्या आवारात २०० मीटरचा इनडोअर ट्रॅक झाला आहे. महाराष्ट्रात अजून सगळं उघड्यावरच.

स्त्रियांच्या शर्यतीत काय वेगळं?

हर्डल ८३.८ सेंटीमीटरचं, पहिलं १३ मीटरवर, मधलं अंतर ८.५० मीटर. हर्डल बुटकं असल्याने ओलांडण्यात वेग कमी जातो आणि शर्यत सपाट धावण्याच्या जास्त जवळ जाते. बहामाच्या डेव्हिन चार्लटनने २०२४ ला ग्लासगोत ७.६५ चा विश्वविक्रम केला. आपल्या ज्योती याराजीने त्याच वर्षी तेहरानला आशियाई इनडोअर स्पर्धेत ८.१२ सेकंदांत सुवर्ण जिंकलं.

माझ्या मुलाला हर्डल्स शिकायची आहेत. कुठून सुरुवात करू?

१.०६७ मीटरच्या हर्डलपासून नको. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी उंची ९१.४ सेंटीमीटर, वीस वर्षांखाली ९९.१, आणि शिकणाऱ्या लहानग्यांना त्याहूनही खाली, अगदी जमिनीवर ठेवलेल्या काठ्या चालतात. आधी दोन काठ्यांमध्ये तीन पावलांची लय बसू द्या, उंची मागाहून येते. अंतरही कमी ठेवा. ९.१४ मीटर तीन पावलांत कापायला बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे पाय पुरत नाहीत, मग तो चौथं पाऊल टाकतो आणि तीच सवय लागते.

आणि मैदानात गेल्यावर पहिल्या दिवशी एक गोष्ट स्वतः तपासा. हर्डलचे खालचे पाय धावत येणाऱ्याच्या बाजूला हवेत, म्हणजे धक्का लागला की हर्डल पुढे पडतं. मुलं परत येताना खेळत खेळत उलट्या बाजूने उड्या मारतात. तेव्हा ते हर्डल पडत नाही, मूल पडतं.